गच्चीवरचं ऊन आणि मीटरमधला लाल दिवा : सेन्सर, वीजबचत आणि सोलरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विद्युत अभियंता. माटुंग्याला शिकलो. वीज मोजणारे सेन्सर हा कामाचा विषय आणि मुलुंड पूर्वेतल्या ५६ घरांच्या सोसायटीची कमिटी हे मानगुटीवर बसलेलं काम. लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, एकदा तर गणपतीच्या आरतीनंतर हातावर प्रसाद असताना लोकांनी मला हे प्रश्न विचारलेत. विद्यार्थी विचारतात ते वेगळे, सेक्रेटरी विचारतात ते वेगळे. इथे सगळे एकत्र आहेत. क्रम लावलेला नाही, जसे आठवले तसे.

सोलर बसवायचं की नाही, एवढंच सांगा.

बसवा, पण आज नको. आधी एक महिना मोजा. आमच्याकडे २० किलोवॉटचं कोटेशन आलं होतं. सभेत हात वर होण्याच्या बेतात होते. मी महिनाभराची मुदत मागून घेतली, त्यावरून थोडी बोलणीही खाल्ली. सामायिक मीटरवर दिवसाला ५२ युनिट जात होती. कुठे जातात ते मोजलं, दोन गोष्टी दुरुस्त केल्या आणि आकडा चाळिशीच्या आत आला. मग १० किलोवॉटमध्ये भागलं. उरलेल्या दहा किलोवॉटचे पैसे वाचले ते सोलरमुळे नव्हे, मोजल्यामुळे.

मोजायचं म्हणजे काय? मीटर तर आहेच की.

मीटर एकूण बेरीज सांगतो, कोणी किती खाल्लं ते सांगत नाही. पण त्याच मीटरवर एक फुकटचा सेन्सर असतो आणि तो सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. तो म्हणजे लुकलुकणारा लाल दिवा. मीटरच्या पाटीवर ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. कुठे १६००, कुठे ६४००. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

गणित सोपं आहे. ३६०० भागिले ३२०० म्हणजे १.१२५. दोन लुकलुकींमधलं अंतर सेकंदांत मोजा आणि १.१२५ ला त्याने भागा. आलं उत्तर किलोवॉटमध्ये. साडेचार सेकंद अंतर असेल तर घरात त्या क्षणी पाव किलोवॉट, म्हणजे २५० वॉट चाललेत. रात्री सगळं बंद करून, फ्रिजसुद्धा थोडा वेळ बंद ठेवून बघा. तरीही साडेबावीस सेकंदांनी दिवा लुकलुकतच असेल, तर ५० वॉट कोणीतरी गुपचूप पितंय. सेट-टॉप बॉक्स, राउटर, प्लगमध्ये ठेवून दिलेले चार्जर. पन्नास वॉट दिवसरात्र म्हणजे महिन्याला ३६ युनिट.

हातात घड्याळ घेऊन मीटर-रूममध्ये उभं राहायचा कंटाळा असेल तर त्या दिव्यासमोर काळ्या टेपखाली एक एलडीआर चिकटवा. हा प्रकाश पडल्यावर रोध कमी होणारा पाच-दहा रुपयांचा तुकडा. तो एका मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपला जोडा, मोजणी सुरू. मीटर उघडायचा नाही, सील तोडायचं नाही, कोणाच्या वायरीला हात लावायचा नाही. पहिला प्रोजेक्ट म्हणून याच्याहून चांगलं मला काही माहीत नाही.

सीटी, हॉल सेन्सर, शंट : करंट तिन्हींनी मोजता येतो. घ्यायचा कोणता?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, वायरीभोवती कडं घालून बसतो, वायर कापावी लागत नाही. पण तो फक्त एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर, चालतो. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची (डीसीची एसी करणाऱ्या यंत्रापर्यंतची) वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते, तिथे सीटी मुका. तिथे हॉल सेन्सर लागतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, त्याला एसी-डीसी दोन्ही चालतं, पण तापमान वाढलं की त्याचं शून्य सरकतं. गच्चीवर ठेवलात तर दुपारी खोटं बोलेल. शंट म्हणजे अगदी लहान, अचूक रोध. अचूकपणात तो वरचढ, पण सर्किटचाच भाग असल्यामुळे मोजणारं यंत्र थेट विजेला जोडलं जातं. घरच्या घरी प्रयोग करणाऱ्याने शंटच्या वाटेला जाऊ नये.

दोन चुका मी दरवर्षी बघतो. पहिली : फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी एकाच कड्यात घेतल्या जातात. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. जुन्या वायरमनला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा करंट-मीटर) हातात घेतल्याबरोबर हे कळतं, नव्या अभियंत्याला दोन दिवस लागतात. दुसरी : करंट गुणिले २३० केलं की वॉट मिळाले असं समजणं. इस्त्रीला ते चालतं, पंपाला नाही. मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजून गुणावे लागतात. आणि हो, सीटीची दुसरी बाजू चालू वायरीवर उघडी सोडू नका. मोठ्या सीटीत तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं.

तुमच्या सोसायटीत नेमकं सापडलं काय?

पंप. मुंबईत पाणी महापालिकेकडून जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून वरच्या टाकीत आपण चढवतो. ५६ घरं, माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण ३०,००० लिटर. ते ३० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने फक्त २.४५ युनिट लागतात. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरा (छोट्या पंपाला हे वाईट नाही), तर साडेपाच युनिट. आमचा पंप दिवसाला ११ खात होता.

कारण शोधायला सेन्सर एकच लागला, निदान मात्र प्लंबरने केलं. करंटचा आलेख बघितला तर पंप चालू व्हायचा वेळ ठीक, पण टाकी भरायला अडीच तास. एवढ्या पाण्याला पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला दीड तासही पुरायला हवा. प्लंबर वर गेला आणि पाहतो तो वर जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद. कधीकाळी सांधा गळत होता म्हणून कोणीतरी ‘तात्पुरता’ आवळून ठेवलेला. नक्की कधी, कोणालाच आठवेना. माझ्या अंदाजे तीन सेक्रेटरी होऊन गेले असावेत. सांधा नवा केला, व्हॉल्व्ह उघडला, झिजलेला इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, बदलला. साडेसहा युनिटवर आलो. वर्षाची बचत सोळाशे युनिटच्या वर, म्हणजे सव्वा किलोवॉट सोलर जेवढं देईल जवळपास तेवढी, आणि तीही पावसाळ्यात कमी न होणारी.

दुसरी गोष्ट जिन्यातल्या आणि आवारातल्या दिव्यांची. तिथे रोज आठ युनिट वाचली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्यूब काढल्या, एलईडी लावले.

जिन्यात माणूस आला की लागणारे दिवे बसवले. जानेवारीत चालले, मेमध्ये लागेनात.

सेन्सर बिघडलेला नाही. तो पीआयआर प्रकारचा असणार. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता आणि मागची भिंत यांच्यातला फरक तो बघतो. आपल्या त्वचेचं, कपड्यांचं तापमान बत्तीस-चौतीस अंश, आणि मे महिन्यात बंद जिना दुपारी-संध्याकाळी तेवढाच तापलेला. फरकच नाही, तर सेन्सरला दिसणार काय? पुण्याच्या थंड जिन्यात हीच वस्तू बरी चालेल.

उपाय आहे. पीआयआरला समोरून चालत येणारा माणूस कमी कळतो, आडवा जाणारा चटकन कळतो. त्यामुळे सेन्सर जिन्याच्या टोकाला समोरासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा. मायक्रोवेव्ह प्रकारचे सेन्सर तापमानाला भीक घालत नाहीत, पण पातळ दारा-भिंतींपलीकडलंही त्यांना दिसतं. आमच्याकडे एक लावला होता. जोशीकाकूंनी घरात झाडू मारला की बाहेर दिवा लागायचा. संवेदनशीलता कमी करायचा स्क्रू असतो, तो फिरवला तेव्हा शांतता झाली.

घरात सगळ्यात आधी काय बदलू?

पंखे. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) तीसच्या आसपास. मुंबईत पंखा बारा तास चालतोच, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट. एसी असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज असा की तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून स्टारचं लेबल असलेले घरगुती एसी सुरू करताना २४ अंशांवरच उघडतात, ते याच कारणाने. तो खाली १८ वर नेणारा हात आपला.

मुंबईत चार महिने पाऊस. सोलर परवडतं का?

परवडतं. एक किलोवॉट मुंबईत वर्षाला साधारण १४०० युनिट देतं, दिवसाला सरासरी चारच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती मे महिन्याच्या जवळजवळ निम्म्यावर येते, शून्यावर नाही. ढगांतून गाळून येणारा प्रकाशही पॅनेल पकडतं. शिवाय पाऊस पॅनेल धुऊन काढतो. इथे सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं, त्या धुळीचा जाड थर डिसेंबर ते मे या काळात बसतो. तेव्हा पंधरा दिवसांनी पाणी मारावं लागतं, सकाळी लवकर; तापलेल्या काचेवर नको.

उलट उन्हाळ्यातली एक गोष्ट लोकांना पटत नाही : जास्त गरम म्हणजे जास्त वीज नव्हे. पॅनेलवर छापलेला आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो. एप्रिलच्या दुपारी सेल साठ अंशांपर्यंत जातो आणि सिलिकॉन दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावतं. पस्तीस अंशांचा फरक म्हणजे दहा ते चौदा टक्के गेले. म्हणून पॅनेल गच्चीच्या लादीला चिकटवू नयेत, खालून वारा खेळायला जागा हवी.

माझ्या सोलरचा आलेख बारा वाजता शिखरावर पोचत नाही. यंत्राचं घड्याळ चुकतंय का?

नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, मुंबई जवळपास ७३ वर. सूर्य आपल्या माथ्यावर येतो साडेबारा-पाऊणच्या सुमारास. पूर्वी या शहराचं स्वतःचं घड्याळ होतं. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होता, आणि प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू होऊनही इथे तो १९५५ पर्यंत टिकला. तुमचं पॅनेल अजून त्यावरच चालतं.

पॅनेलचं तोंड दक्षिणेलाच हवं का?

हो, थोडासा कल देऊन. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, कलही साधारण तेवढाच, वाऱ्याचा विचार करून थोडा कमी चालतो. पण एक गंमत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो. त्या कालावधीच्या दोन टोकांना, १५ मे आणि २८ जुलैच्या आसपास, सावली नाहीशी होते ते शून्य सावलीचे दिवस. त्यामुळे फक्त दक्षिणेकडच्या अडथळ्यांचा विचार पुरत नाही.

तरी खरा शत्रू डिसेंबर. २१ डिसेंबरला भर दुपारी, सूर्य सगळ्यात वर असताना, तीन मीटर उंच टाकीची सावली पावणेतीन मीटर पडते, आणि त्याआधी तीन तास ती साडेपाच मीटरपर्यंत लांबलेली असते. पाहणी करायला आलेला माणूस मे महिन्यात दुपारी येऊन ‘गच्ची एकदम मोकळी आहे’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि डिसेंबरचं विचारा.

सावलीचा तोटा क्षेत्रफळाच्या प्रमाणात होत नाही, हेही ध्यानात ठेवा. पॅनेलमधले सेल माळेसारखे ओवलेले असतात. एक सेल झाकला की माळेतला करंटच अडतो. नेहमीच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते अडलेला तिसरा हिस्सा वगळून बाकीचा चालू ठेवतात. म्हणजे डिशच्या छत्रीची एवढीशी सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा घालवू शकते. कबुतरांची विष्ठाही तेच करते, वर तो सेल तापतो.

लाइट गेली तरी सोलर चालेल ना?

नाही. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला नेहमीचा इन्व्हर्टर लाइट जाताच स्वतः बंद होतो आणि तो व्हायलाच हवा. खांबावर किंवा रस्त्यातल्या पेटीवर काम करणाऱ्या माणसाला वाटतं की लाइन बंद आहे, आणि तुमची गच्ची तिच्यात वीज ढकलत असेल तर त्याचा जीव जाईल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी लख्ख ऊन असलेल्या गच्च्यांवरची सोलरही गप्प होती. ती चालू हवी असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. मुंबईत वीज इतक्या क्वचित जाते की त्यासाठी एवढा खर्च मी तरी करणार नाही. लिफ्टसाठी जनरेटर असेल तर तो वेगळा विषय, दोघांना जोडताना जाणकार माणूस लागतो.

खाऱ्या हवेत पॅनेल किती टिकतात?

कंपन्या सहसा २५ वर्षांची हमी देतात. खाऱ्या हवेसाठी आयईसी ६१७०१ ही वेगळी चाचणी आहे, कागदपत्रांत ती मागा. पण माझा अनुभव असा की काचेआधी खालची लोखंडी मांडणी, नटबोल्ट आणि कनेक्टर सडतात. गरम झिंकचा मुलामा दिलेलं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच.

पवईच्या आयआयटीत २०१० पासून राष्ट्रीय सौर प्रकाशविद्युत संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी २०१३ पासून देशभर फिरून उघड्यावरची पॅनेल तपासली. उष्ण भागांत पॅनेल लवकर म्हातारी होतात, हे अपेक्षितच होतं. मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरं : मोठ्या प्रकल्पांपेक्षा छतांवरच्या छोट्या मांडण्यांची अवस्था जास्त वाईट निघाली. संशय जातो तो हाताळणीवर. जिन्यातून डोक्यावरून नेलेलं, त्यावर पाय देऊन बसवलेलं पॅनेल वरून चकचकीत दिसतं, आत सेलला केसासारख्या भेगा असतात. अंधारात पॅनेलमध्ये उलटी वीज सोडली तर सेल अवरक्त किरणांत मंद उजळतात आणि विशेष कॅमेऱ्याने काढलेल्या त्या फोटोत भेगा काळ्या दिसतात. एक्स-रेच म्हणा.

वादळात उडून जाणार नाहीत?

नीट बसवली तर नाही. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ ची झोत नोंदली गेली. मांडणीचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोकं पाडण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर मांडणी करता येते, फक्त त्या वजनाला स्लॅब तयार हवा.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे.

मग सोलर नको. पंप, दिवे आणि मोजणी एवढंच करा, ते वर्षभराच्या आत पैसे फेडतं.

अनुदान किती?

पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. अर्ज करण्याआधी पोर्टलवर त्या दिवसाचे नियम वाचा. आणि नेट मीटरिंग झालं, म्हणजे तुम्ही ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होऊ लागली, तरी बिलातला स्थिर आकार राहतो. ‘बिल शून्य’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हा आकार कुठे जातो ते विचारा.

सगळ्या गच्च्या भरल्या तर मुंबईची गरज भागेल?

नाही भागणार. आमच्या गच्चीवर टाकी, लिफ्टची खोली, चालायची जागा सोडून ३०० चौरस मीटर उरतात. दहा चौरस मीटरला एक किलोवॉट धरलं तर ३० किलोवॉट, वर्षाला ४२,००० युनिट, ५६ घरांत वाटली तर घरामागे महिन्याला साठेक. सात मजली इमारतीची ही गत, तीस मजली टॉवरमध्ये तर तेवढीच गच्ची चौपट घरांत वाटायची. वीज बाहेरून आणणं या शहराला नवं नाही. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून घाटाखालची वीज इथल्या गिरण्यांना मिळू लागली, ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. आज नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करून वीज तारेत परत सोडतात. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत ही बचत गच्चीच्या सोलरपेक्षा मला जास्त लोभसवाणी वाटते.

शहरभर इतके सेन्सर कशाला? एका वेधशाळेचं ऊन-पावसाचं माप पुरत नाही?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्याच काळात कुलाब्याला ७३. उन्हाचं तेवढं टोकाचं नसलं तरी ढग मुलुंडवर असतो तेव्हा वांद्र्यात ऊन असतं. सोलरची वीज किती येणार याचा पुढच्या तासाचा अंदाज बांधायचा तर जागोजागी मापं हवीत.

मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय सुचवा.

‘स्मार्ट’ हा शब्द नसलेला कुठलाही. खरं सांगायचं तर सेन्सर जोडून मोबाइलवर आकडा दाखवणं आता कोणालाही जमतं. तो आकडा खरा आहे का, हे तपासणं कोणी करत नाही. दोन सारखे स्वस्त सेन्सर एकाच ठिकाणी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ठेव आणि ते एकमेकांपासून किती भरकटतात ते बघ, असं तिला सांगा. दमट हवेत कुठला कनेक्टर आधी जातो, वाय-फाय गेल्यावर नोंदी कुठे हरवतात, उंदीर कुठली वायर कुरतडतो, हे सगळं तिच्या वहीत तारखेसह हवं. कॉलेजच्या सुट्टीत आमच्या मीटर-रूममध्ये जागा आहे, तिथे उंदीरही आहेत.

तुमची मांडणी बघायला यायचं असेल तर?

या. रविवारी सकाळी, नऊच्या आत. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते, वहीत नाव लिहावं लागतं. टाकीच्या दक्षिणेला कडेचं एक पॅनेल दिसेल, त्यावर कावळ्याने नेहमीची जागा धरलीय. त्याच्या आलेखातला खड्डा मी अजून पुसलेला नाही, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलाय.